शिक्षकांचे प्रशिक्षण तांड्यापासून सुरू व्हावे

शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे महाराष्ट्रात कोणाचे लक्षच नाही, असे म्हणता येणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. पुढील दशकांत सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या अनेक फेऱ्या झाल्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'निष्ठा' या नावाने देशभरातील शिक्षकांसाठी मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदविली. तासांचा हिशेब झाला, घटकसंच छापून झाले, हजेरीपट भरले. तथापि या सर्व खटाटोपात एक साधा प्रश्न मागे राहून गेला. शिक्षकाने शिकावयाचे ते कशाविषयी आणि कोणाकडून?

अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापनाची तंत्रे, नवी साधने यांविषयी शिक्षक पुष्कळ ऐकतो. परंतु ज्या मुलाला शिकवावयाचे त्याच्या घराविषयी, बोलीविषयी, त्याच्या आईबापांच्या कष्टांविषयी व कौशल्यांविषयी काही शिकण्याची सोय या प्रशिक्षणात क्वचितच असते. मुलाविषयीचे सर्व ज्ञान शिक्षकाजवळ आधीपासूनच आहे, असे जणू गृहीत धरलेले असते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या गृहीतकाची किंमत मोठी आहे आणि ती मोजतात ती पहिली-दुसरीच्या वर्गात मुकाट बसून राहणारी मुले.

घरची भाषा आणि पाटीवरची भाषा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि शंभरांतील सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहत होती. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा यांच्या आश्रयाने वसलेल्या या मुलखात सोयाबीन, तूर, कापूस होतो. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारपेठा हळदीसाठी ओळखल्या जातात. माळरानावर व डोंगराळ भागात बंजारा समाजाचे तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत, हटकर-धनगरांची गावे आहेत. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात.

तांड्यावरचे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते तेव्हा ते निःशब्द नसते. ते गोरबोली बोलत असते आणि चांगल्यापैकी बोलत असते. आईला ते 'याडी' म्हणते. होळीच्या लेंगी गीतांत त्याने सूर मिसळलेला असतो. आजीच्या तोंडून सेवालाल महाराजांच्या कथा ऐकलेल्या असतात. परंतु शाळेच्या उंबरठ्यावर हा सारा ऐवज बाहेर ठेवावा लागतो. पुस्तक 'आई' म्हणते, शिक्षक 'आई' म्हणतात आणि 'याडी' म्हणणारे मूल 'चुकले' असे ठरते. ज्या मुलाचा पहिलाच शब्द चुकीचा ठरला, ते दुसरा शब्द उच्चारण्यापूर्वी विचार करते. काही दिवसांनी ते बोलणेच थांबविते. मग शेरा पडतो की मूल 'अप्रगत' आहे.

या बोलीची दखल घेण्याबाबत सरकारी कागदपत्रेही फारशी उदार नाहीत. जनगणनेत 'लमाणी-लंबाडी' ही हिंदीच्या खाली मांडली जाते. २०११ मध्ये ती आपली मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या ३२ लाखांहून अधिक होती. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. कायद्याचा आधार मात्र नाही असे नव्हे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असे सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावे असे म्हणते, आणि मूल भय व चिंता यांपासून मुक्त राहून आपली मते मोकळेपणी मांडू शकावे, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. हे दोन दंडक एकाच कलमात यावेत, यात मोठे औचित्य आहे. आपल्या भाषेत बोलण्याची चोरी असलेले मूल निर्भय असू शकत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवावी की नाही यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी सरकारने त्यासंबंधीचे निर्णय मागे घेतले. लहान मुलावर परक्या भाषेचे ओझे लवकर लादू नये, हा त्या वेळी हिरिरीने मांडला गेलेला मुद्दा रास्तच होता. परंतु तोच न्याय तांड्यावरच्या मुलाला लावला तर काय दिसते? त्याच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि ती दुसरी आहे याची नोंददेखील शाळेच्या दप्तरी नाही.

मराठवाड्याची स्वतःची आठवण

हे दुःख मराठवाड्याला नवे नाही. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानातील माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा प्रयोग केला. त्या काळाच्या मानाने तो धाडसी होता आणि उर्दूच्या समृद्धीविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मराठी, तेलुगू आणि कानडी घरांतील मुलांसाठी ती घरची भाषा नव्हती. मराठवाड्यातील एका पिढीने गणित आणि इतिहास अशा भाषेत घोकला, की जी त्यांच्या आईला समजत नव्हती. हिप्परगा येथे १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा, जेथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ अध्यापन करीत होते, आणि अंबाजोगाईसारख्या ठिकाणच्या शाळा यांच्यामागे आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे ही तळमळ होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले आणि हा प्रश्न मराठी मुलांपुरता सुटला.

'मराठी मुलांपुरता' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ज्या समाजाने परक्या भाषेतील शाळेची झळ स्वतः सोसली, त्याने सत्ता हाती आल्यावर तांड्यावरच्या मुलाला तीच झळ लागते आहे हे ओळखावयास हवे होते. तसे झाले नाही. याचे कारण दुष्टावा नव्हे. आपली भाषा जेव्हा राज्याची भाषा होते, तेव्हा ती कोणाला तरी परकी असेल ही शंकाच मनात येत नाही. प्रशिक्षणाचे पहिले काम ही शंका शिक्षकाच्या मनात निर्माण करणे हे आहे आणि मराठवाड्यात त्यासाठी परदेशी पुस्तके आणण्याची गरज नाही. शिक्षकांना आपल्या आजोबांच्या शाळेच्या आठवणी गोळा करावयास सांगितले तरी पुरेसे होईल.

माणूसपण जपणारे शिक्षण म्हणजे काय?

मुलाच्या संस्कृतीचा मान राखणारे आणि त्याचे माणूसपण जपणारे शिक्षण, हा विचार अलीकडे जगभर मांडला जातो. त्याचे एक मूळ ब्राझीलच्या पाउलो फ्रेइरी यांच्या लेखनात आहे. विद्यार्थी म्हणजे रिकामे खाते आणि शिक्षक म्हणजे त्यात ठेव भरणारा, अशा शिक्षणाला त्यांनी बँकेची उपमा दिली आणि असे शिक्षण देणारा व घेणारा या दोघांचेही माणूसपण हिरावून घेते असे बजावले. परंतु महाराष्ट्राला हा विचार अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून आलेले असावेत, ते लोकांत मोकळेपणी मिसळणारे व त्यांच्या गरजा जाणणारे असावेत आणि वेळप्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असे म्हटले होते. शिक्षकाची पात्रता त्यांनी केवळ पुस्तकी ज्ञानावर मोजली नाही. लोकांशी असलेल्या त्याच्या नात्यावर मोजली. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे वारली मुलांसाठी काम करताना हेच तत्त्व आचरणात आणले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच त्यांची शैक्षणिक साधने झाली.

या विचाराचा व्यवहारातील अर्थ तीन गोष्टींत सांगता येईल. मुलाजवळ ज्ञान आहे हे शिक्षकाने मान्य करावे. ते ज्ञान कोणते हे शोधण्याचे कष्ट घ्यावेत. आणि त्या ज्ञानाच्या पायावर पुस्तकातील ज्ञानाची इमारत उभी करावी. यांपैकी पहिली गोष्ट वृत्तीची, दुसरी अभ्यासाची आणि तिसरी कौशल्याची आहे. प्रचलित प्रशिक्षण बव्हंशी तिसरीपासून सुरू होते आणि म्हणूनच ते हवेत राहते.

पहिल्या गोष्टीची अडचण सर्वांत मोठी आहे. 'घरी कोणी शिकलेले नाही', 'आईबापांना आस्था नाही', 'मुले टिकतच नाहीत' ही वाक्ये शिक्षकांच्या कोणत्याही बैठकीत ऐकू येतात. त्यांत तथ्याचा अंश नसतो असे नाही. परंतु अपयशाचे सारे कारण मुलाच्या घरात शोधले की शाळेला काही करण्यासारखे उरत नाही. न्यूझीलंडमध्ये २००१ पासून रसेल बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माओरी विद्यार्थ्यांच्या मागे पडण्याचा शोध घेतला, तेव्हा त्यांना असाच अनुभव आला. बहुतेक शिक्षकांनी कारण घराकडे व मुलांकडे दाखविले. मुलांनी मात्र शिक्षकांशी असलेल्या नात्याकडे बोट दाखविले. तेथील प्रशिक्षणाची सुरुवात मग शिक्षकांना या मुलांची निवेदने वाचावयास देऊन करण्यात आली आणि पुढे वर्गात जाऊन शिक्षकांना सातत्याने साह्य देण्यात आले. 'आपल्याविषयी आपले विद्यार्थी काय म्हणतात' हा धडा कोणत्याही घटकसंचात सापडत नाही. तो ऐकूनच शिकावा लागतो.

कोयता, हळद आणि गणित

दुसरी गोष्ट अभ्यासाची. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला व १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांकडे शिक्षक स्वतः गेले. तक्रार सांगण्यासाठी नव्हे, उपदेश करण्यासाठीही नव्हे, तर शिकण्यासाठी. शेती, खाणकाम, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार यांचे केवढे ज्ञान त्या घरांत आहे हे पाहून शिक्षक चकित झाले. शाळा सुटल्यावर ते एकत्र बसून टिपणे काढीत व त्यांतून पाठ रचीत. मेक्सिकोची मिठाई विकणाऱ्या एका मुलावरून मिठाईचा संपूर्ण पाठ उभा राहिला आणि वर्गात तो शिकविण्यासाठी एक पालक माता आली.

हिंगोलीत अशा शोधाला काय सापडेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलाला 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी, हे ठाऊक असते. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, टनाला दर किती, दिवसाला किती टन तुटतो, उचल फिटण्यास किती दिवस लागतील, हा हिशेब त्याच्या घरी दर हंगामात चालतो. हा गुणाकार आहे, भागाकार आहे, कर्ज आणि परतफेडही आहे. अर्थशास्त्राच्या पदवी वर्गात जे आगाऊ रकमेने बांधलेल्या श्रमाचे प्रकरण म्हणून शिकविले जाते, ते या मुलाने उसाच्या फडात पाहिलेले असते. पाचवीच्या वर्गात तोच मुलगा पुस्तकातील दुकानदाराचे उदाहरण सोडविताना अडखळतो आणि गणितात कच्चा ठरतो.

हळदीचे उदाहरण घ्या. जमिनीतून काढणे, शिजविणे, वाळविणे, पॉलिश करणे ही सर्व कामे वसमत-औंढ्याच्या खेड्यांतील मुलांच्या डोळ्यांसमोर होतात. ओल्या हळदीचे वाळून वजन साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. शेकडेवारी शिकविण्यासाठी याहून चांगला पाठ कोणता? बाष्पीभवन, रंग, वजनमापे, बाजारभावातील चढउतार, अडत आणि वाहतूक असे कितीतरी विषय एका हळकुंडाभोवती गुंफता येतात. बंजारा समाजाचा इतिहासही असाच. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून दूरदूरच्या मुलखांत नेणारा हा व्यापारी समाज होता. इंग्रजी अमदानीत वाहतुकीची साधने बदलली आणि त्यांचा धंदा बुडाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांकडे संशयाने पाहण्याची रीत पाडली आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत, नव्हे त्यानंतरही, तो संशय टिकून राहिला. तांड्यावरच्या शाळेत इतिहास शिकविताना हे सांगितले गेले, तर मुलाला आपले पूर्वज पुस्तकाबाहेरचे वाटणार नाहीत. शाळेने मुलाच्या घरची ओळख पुसू पाहिली की काय होते, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'पासून पुढच्या अनेक आत्मकथनांनी महाराष्ट्राला सांगितले आहे. त्या पुस्तकांना पुरस्कार मिळाले, ती अभ्यासक्रमांत आली. शिक्षक-प्रशिक्षणात मात्र ती क्वचितच पोहोचली.

शिक्षकाचेही माणूसपण

येथे शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जो शिक्षक स्वतः प्रशिक्षणात रिकाम्या खात्यासारखा वागविला जातो, तो वर्गात मुलांना निराळे वागविण्याची शक्यता कमी. राज्यपातळीवर आखलेला घटकसंच, तो ऐकून आलेले साधनव्यक्ती, त्यांच्याकडून ऐकणारे दुसरे साधनव्यक्ती आणि शेवटी तालुक्याच्या सभागृहात बसलेला शिक्षक, अशी ही उतरंड आहे. शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारीत नाही. वीस वर्षे तांड्यावर काढलेल्या शिक्षकालाही नाही. शिवाय निवडणूक, जनगणना, निरनिराळी सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत त्याचा वेळ जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने अशैक्षणिक कामांवर मर्यादा घातली असली, तरी त्यातील अपवाद आणि कायद्याबाहेरची कामे मिळून शिक्षकाचा दिवस भरून जातो. अशा शिक्षकाला 'मुलाच्या घरी जा' एवढाच हुकूम सोडला, तर तो आणखी एक तक्ता भरून मोकळा होईल.

म्हणून प्रश्न नव्या योजनेचा नाही, हाती असलेल्या वेळाच्या वाटणीचा आहे. वर्षाला ५० तास हे धोरणानेच मान्य केलेले आहेत. त्यांपैकी १५ तास वस्तीभेटींना आणि १५ तास केंद्रपातळीवरील अभ्यासगटांना दिले, तरी विषयज्ञानासाठी २० तास उरतात. केंद्रातील शिक्षकांनी एकत्र जमण्याची रीत आजही आहे. तेथे परिपत्रके वाचून दाखविण्याऐवजी दोन मुलांच्या वह्या समोर ठेवून त्यांवर बोलता येईल. वस्तीभेटी ऊसतोडीला कुटुंबे निघण्यापूर्वी व्हाव्यात, म्हणजे कोणते मूल जाणार, कोणते हंगामी वसतिगृहात राहणार, हे शिक्षकाला नोव्हेंबरात रिकाम्या बाकाकडे पाहून कळणार नाही. मुले, त्यांच्या आज्या आणि शिक्षक मिळून पहिलीच्या वर्गासाठी दोन-तीनशे शब्दांचा गोरबोली-मराठी संग्रह करू शकतील. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था तो तपासून सर्व तांड्यांवरील शाळांना देऊ शकेल. या साऱ्याला लागणारा पैसा एखाद्या मोठ्या प्रशिक्षण शिबिराच्या भोजन-प्रवासखर्चाहून जास्त नाही. लागते ते सातत्य. दर काही वर्षांनी बदली होणाऱ्या शिक्षकाचे हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाऊ नये, यासाठी त्याची टिपणे शाळेत राहिली पाहिजेत.

मराठवाड्यात बंजारा समाजातून आलेले शिक्षकही आहेत. ज्या बोलीत ते घरी बोलतात, ती शाळेत बोलणे त्यांना कमीपणाचे वाटावे अशी आजवरची रीत होती. प्रशिक्षणात त्यांना मार्गदर्शकाचे स्थान दिले, तर एका दिवसात जे साधेल ते छापील पानांनी वर्षभरात साधणार नाही. आणि ज्यांना ती बोली येत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी विद्यार्थ्यांच्या घरी कानडी बोलली जाते हे पाहून ती भाषा शिकून घेतली व पाठ्यपुस्तकांना मुलांच्या भाषेतील सामग्रीची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा चर्चा झाली ती पुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडची. त्यामागे एका शिक्षकाने मुलांची भाषा शिकण्याचे घेतलेले कष्ट होते, याकडे थोड्यांचे लक्ष गेले.

काही आक्षेप

या विचारावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार झाला पाहिजे. पहिला आक्षेप पालकांचाच असतो. 'आमची बोली आम्ही घरी शिकवू. शाळेने मराठी आणि इंग्रजी शिकवावे.' ही मागणी योग्य आहे. परंतु गोरबोलीला वर्गात जागा देणे म्हणजे मराठी कमी शिकविणे नव्हे. आधाराशिवाय जिना चढता येत नाही. घरची बोली ही पहिली पायरी आहे, मुक्काम नव्हे. ओडिशाने २००७ पासून आदिवासी मुलांसाठी मातृभाषेतून सुरुवात करून राज्यभाषेकडे नेणारे शिक्षण सुरू केले, ते याच भूमिकेतून.

दुसरा आक्षेप असा की, संस्कृतीचा मान राखावयाचा म्हणजे बालविवाह, व्यसन, मुलींची अर्ध्यावर सुटणारी शाळा यांचाही मान राखावयाचा काय? मुळीच नाही. मान माणसांचा राखावयाचा असतो, प्रत्येक रूढीचा नव्हे. ज्या शिक्षकाने घराचा विश्वास मिळविला आहे, त्याचाच शब्द मुलीचे लग्न पुढे ढकलण्याच्या वेळी ऐकला जातो. उंबऱ्याबाहेरून दिलेला उपदेश कोणी ऐकत नाही. तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. 'हा तांड्यावरचा, याला उसाचेच गणित द्या' असे होऊ लागले, तर मान देण्याच्या नावाखाली मुलाला त्याच्या जन्माशी जखडून ठेवले जाईल. उसाचे गणित हे बीजगणिताकडे जाण्यासाठी आहे. ते बीजगणिताच्या जागी नाही. तांड्यावरच्या मुलाला शाळेने त्याचे जग परत द्यावे आणि शिवाय बाहेरचे सारे जग द्यावे. पैनगंगेपलीकडे पुसद तालुक्यातील गहुली या गावी जन्मलेले, बंजारा समाजातून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्याची क्षमता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. ती ओळखण्याची शाळेची क्षमता तेवढी सिद्ध व्हावयाची आहे.

ज्याला शिकवावयाचे त्याच्याकडून शिकावे, ही गोष्ट या जिल्ह्याला तरी उपरी नाही. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. गोरोबा काकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, तेव्हा कीर्तनाने लोकांना रंगवून सोडणारे नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे पुन्हा शिकावयास गेले, अशी परंपरेची कथा आहे. पुढे ते पंजाबात गेले आणि तेथील लोकांशी त्यांना कळेल अशा भाषेत बोलले. त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आज आदराने गायिली जातात. मराठी संताने आपली भाषा सोडली नाही आणि दुसऱ्याची भाषा शिकण्यात कमीपणाही मानला नाही.

जूनमध्ये शाळा उघडतात. तांड्यावरच्या एखाद्या शाळेत पहिल्या दिवशी एखादी मुलगी फळ्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून 'याडी' म्हणेल. त्या क्षणी शिक्षकाने 'चूक' म्हणावयाचे, की 'बरोबर, आणि मराठीत आई' असे म्हणावयाचे, हा निर्णय एका वाक्याचा आहे. ते दुसरे वाक्य शिक्षकाच्या तोंडी सहज यावे, एवढे जरी पन्नास तासांच्या प्रशिक्षणाने साधले, तरी ते तास वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.